एक टिंब वाकडं

आमचा शेजारी भंडाऱ्यातल्या जुन्या विणकर घरातला. वडील हातमागावर लुगड्यांचे काठ विणायचे. हा कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या खिडक्यांना टिंबाला टिंब जुळवून काठ काढतो. रेघ, चौकोन, गोल कोपरा, प्रत्येकासाठी त्यानं प्रोग्राममध्ये वेगळं फंक्शन लिहिलंय.

लेकीच्या कॉलेजच्या अर्जाची मुदत पाचपर्यंत होती. मोबाइलवर माझा विश्वास नाही, म्हणून पावणेपाचला तिला घेऊन त्याच्याकडे गेलो. अर्ज उघडून तो थबकला.

"भाऊ, खिडकीचा कोपरा एक टिंब वाकडा दिसून राहिला."

"आधी अर्ज पाठव ना बाप्पा."

"अशा खिडकीतून? कॉलेजवाले काय म्हणतील?"

तो कोपरा सरळ करत बसला. लेकीनं तेवढ्यात मोबाइलवरून अर्ज पाठवला.

"गेला, बाबा. चला."

"थांब जरा," मी पडद्यावर बोट ठेवत म्हणालो, "डावा कोपराही वाकडाच आहे."