सतरा पंचे

वैमानिकाचं निम्मं आयुष्य पॅसेंजरची वाट बघण्यात जातं. किस्से साठतात ते तिथंच. आमचं विमान आठ सीटचं, चार्टरचं.

माझे सीनियर कॅप्टन बर्वे. ट्रेनिंगमध्ये त्यांना कमी हवेच्या खोलीत बसवून सतराचा पाढा लिहायला सांगितलं. बाहेर आले ते खुशीत. "मला काही झालंच नाही!" कागदावर दहा वेळा नुसतंच सतरा, खाली झोकदार सही.

ऑक्सिजन कमी पडला की माणूस असा उगाच खूश होतो. त्याला स्वतःला पत्ताही लागत नाही. म्हणून उंचावर आम्ही एकमेकांना मध्येच विचारायचो, "सतरा पंचे?" उत्तर अडलं की आधी मास्क.

*

एकदा खरंच केबिनचं प्रेशर गेलं. कानांना दडे बसले, मास्क खाली लोंबले. आम्ही आमचे लावले आणि विमान खाली घेतलं. मागे शिरूरकडचे चेअरमन आणि त्यांचे मेव्हणे. नियम असा, की आधी स्वतःचा लावायचा. हे दोघं मास्क हातात धरून, "आधी तुम्ही", "छे, आधी तुम्ही!" बर्वे ओरडले तेव्हा कुठं लावले.

उतरल्यावर चेअरमन म्हणाले, "मान बी राहिला, जीव बी राहिला."

*

हे मी वडगाव रासाईला आप्पांना सांगितलं. आप्पा म्हणजे माझे वडील; आई गेल्यापासून तिथं एकटेच असतात.

"म्हंजी ज्याचं त्याला कळत न्हाई?"

"नाही. उलट मजा वाटते."

"मग कुणीतरी इचाराय पायजे."

तेव्हापासून रोज संध्याकाळी त्यांचा फोन. "सतरा पंचे?" मी पंच्याऐंशी म्हटलं की ठेवून देणार.

*

बर्वे रिटायर झाले. रिकामं विमान दुरुस्तीला न्यायचं असलं की मी एकटाच असतो. दौंडच्या अलीकडे खाली भीमेचं वळण दिसतं, पलीकडे आमचं गाव. मीच विचारतो, मीच उत्तर देतो. फार एकटं वाटतं तेव्हा.

*

परवा आप्पांचा फोन आला. पाढा विचारलाच नाही. शेवग्याला लय शेंगा लागल्यात म्हणाले आणि हसले. विहिरीवरची मोटार जळाली म्हणाले, हसले. "आन् आपला मोत्या गेला काल," तेही हसतच. इतक्या वर्षांचं कुत्रं.

"आप्पा, तुम्ही बरे आहात ना?"

"एकदम मजेत हाय मी."

मी विचारलं, "आप्पा, सतरा पंचे?"

त्यांचं हसणं थांबलं. मग म्हणाले,

"कवा येतोस?"