अडीच घरांची उडी

खोटं न बोलता, आवाज न चढवता समोरच्याचं रक्त उकळवण्याची विद्या या जगात एकाच माणसाला साधली आहे, आणि माझं नशीब असं की माझी एकुलती एक मुलगी मी त्याच्याच घरी दिली. हे आमचे व्याही. फुलंब्रीकडची शेती भावाच्या हवाली करून, मुलाच्या नोकरीपायी गारखेड्यात येऊन राहिलेले. विहीणबाई गेल्यापासून बोलणं आणखीच मऊ झालेलं. भाजीवाल्याशीसुद्धा घासाघीस करणार नाहीत. पण बुद्धिबळाचा पट पसरला की या गरीब गायीला शिंगं फुटतात. बरं, मी पडलो मुलीचा बाप. व्याह्यावर ओरडायची सोय आपल्या शास्त्रात नाही. दर रविवारी मुलीला भेटायला म्हणून जायचं, तिच्याशी धड दोन शब्द होत नाहीत तोवर यांनी पट मांडलेला असायचा, आणि संध्याकाळी मी दात-ओठ खात सिडकोत परत. मग घरी भांडी आपटायची. बायको म्हणायची, "आज कोणता नियम निघाला?"

कारण यांचे नियम निघत. मी वाळूजच्या कंपनीत, जेवणाच्या सुट्टीत, साऱ्या जगात चालतं ते बुद्धिबळ शिकलेलो. पहिल्याच रविवारी मी ऐटीत प्यादं दोन घरं पुढे सारलं. यांनी ते दोन बोटांनी उचलून एक घर मागे ठेवलं. "प्याद्याला येवढी घाई कशापाई, इवाई? पायी चालणारा मानूस त्यो." मी गिळलं. पुढच्या खेपेला माझं प्यादं रक्ताचं पाणी करून पार शेवटच्या कोपऱ्यात पोचलं. मी वजीर मागितला. "हत्तीच्या घरात वजीर कसा जन्मन? हत्तीच व्हईल. अन तुमचे दोन्ही हत्ती तर जिते हायत. मंग एखादा मरूस्तोर बसू द्या त्याला तिथंच." माझं प्यादं कोपऱ्यात, आपलाच हत्ती मरायची वाट बघत बसलं! असा संताप आला म्हणून सांगू. एकदा यांचा राजा असा कोंडला की मुंगीला वाट नव्हती. शह दिला. यांनी शांतपणे राजा उचलला आणि घोड्यासारखा अडीच घरं पलीकडे नेऊन ठेवला. "पहिल्या शहाला राजाला एक उडी असती." हे आधी का नाही सांगितलं, विचारलं, तर म्हणाले, "वेळच आली नव्हती की."

बुर्जीचा रविवार तर मी मेल्यावरही विसरणार नाही. त्या दिवशी मी यांची फौज वेचून वेचून मारली. राजा आणि एक प्यादं उरलं. रागाच्या भरात मी तेही उडवलं आणि विजयी मुद्रेनं मिशीवर हात फिरवला. "बुर्जी झाली. डाव बराबर," हे म्हणाले. म्हणजे समोरच्याचं शेवटचं मोहरं मारायचं नाही; राजा एकटा पडला की जिंकणाऱ्याचंही जिंकणं संपलं! "एकट्याला मारन्यात कायची मर्दुमकी, इवाई? एक तरी सोबतीला ठिवावं लागतं." मी चपला उलट्या घालून बाहेर पडलो. एकदा, फक्त एकदा या माणसावर मात करायची, एवढंच माझं आयुष्यात उरलं होतं.

मग जावयांची बदली पुण्याला झाली. मुलगीही जाणार. हे म्हणाले, "म्या नाय येत. मला तिथं करमनार नाय." निघायच्या आदल्या रविवारी घरभर खोकी बांधलेली, आणि मधोमध आमचा पट. मी बसलो तसे हे हळूच म्हणाले, "आज तुमच्या नियमानं खेळू."

मला आनंद व्हायला हवा होता. मी प्यादं दोन घरं टाकलं, यांचं बोट हललं नाही. कोपऱ्यात वजीर केला, तर म्हणाले, "बरोबर हाय. तुमच्यात व्हतो." शेवटी शह दिला. पळायला घर नव्हतं. यांनी पटाकडे पाहिलं, मान डोलावली. "मात झाली. लई ब्येस खेळलात." आणि मग पटावरची नजर न उचलता, "पोरं गेली तरी येत जा, इवाई. नियम तुमचेच ठिवू."

तेव्हा मात्र माझा तोल गेला. आयुष्यात पहिल्यांदा मी व्याह्यावर ओरडलो. मुलगी धावत बाहेर आली, तरी मी थांबलो नाही. "मात कसली? पहिलाच शह आहे! उडी मारा! राजाला उडी असते ना तुमच्यात? मग मारा की!" माझा आवाज फाटला होता आणि डोळ्यांत पाणी आलं होतं, याचाही मला राग येत होता. यांनी राजा उचलून अडीच घरं पलीकडे ठेवला. "मंग," हे म्हणाले, "त्यो कोपऱ्यातला वजीर बी काढा. हत्ती नाय मेला तुमचा."

पुढच्या रविवारी गारखेड्यात गेलो. हाक मारायला मुलगी नव्हती, तेव्हा चहा मीच ठेवला. पट मांडलेला होता. मी मुद्दाम प्यादं दोन घरं पुढे सारलं. यांनी ते दोन बोटांनी उचललं आणि एक घर मागे ठेवलं. माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली, आणि फार बरं वाटलं.