ती मान, तो मान

किस्से परदेशातल्या मराठी घरातल्या डब्यांसारखे असतात. कुणाचा तरी डबा भाजीसकट येतो, रिकामा परत द्यायचा नसतो म्हणून राहून जातो, आणि एक दिवस ओट्याखालचं कपाट उघडलं की सगळे एकदम अंगावर!

माझ्याकडे जरा जास्तच साठलेत. कारण मी फारशी बोलत नाही, आणि गप्प बसलेल्या माणसाला ऐकूही येत नाही असा लोकांचा पक्का समज असतो. लग्न करून नाशिकहून दोह्याला आले तेव्हा समीरनं मंडळातल्या लोकांशी ओळख करून दिली ती अशी, "ही बोलते, पण हळूहळू." वर्ष होत आलं. तेवढ्यात मी जे ऐकलंय त्यातलं बरंचसं एकाच विषयावरचं आहे : शुक्रवारची शाळा.

ही शाळा म्हणजे दोह्यातल्या फरीज बिन ओमरान भागातल्या सोनवणेबाईंच्या फ्लॅटचा हॉल. शुक्रवारी सकाळी सोफा भिंतीला लागतो, सतरंजी पसरते, दाराबाहेर छोट्या बुटांचा ढीग लागतो आणि आतून "कमळ, खटारा, गवत" सुरू होतं. बाई लातूरकडच्या, तिकडे शिक्षिका होत्या. मला घरात करमत नव्हतं म्हणून मी मदतनीस झाले. म्हणजे पेन्सिलींना टोक करणं आणि नाकं पुसणं.

चार-पाच मुलांनी सुरू झालेली शाळा, आता हॉलमध्ये मावत नाही. बाई इतकी वर्षं फुकट शिकवत होत्या. मग कुणीतरी म्हणालं, बाईंना दरमहा काहीतरी द्यायला हवं, आणि त्यासाठी मंडळातल्या प्रत्येक घरानं थोडी जादा वर्गणी काढावी.

झालं! तिथून पुढे मंडळात शांतता नावाची गोष्ट राहिली नाही.

*

पहिल्याच मीटिंगमध्ये एक जोशी उठले. त्यांची मुलं मोठी होऊन कॅनडाला गेलेली.

"अहो, इथलं सरकार पगारावर टॅक्स घेत नाही म्हणून तर आपण सगळे या उन्हात आलो! आणि आता मंडळ टॅक्स लावणार?"

तेव्हापासून त्या वर्गणीचं नाव पडलं 'शाळा टॅक्स'. ज्यांना द्यायचा नव्हता त्यांनी ते पाडलं, आणि ज्यांना द्यायचा होता तेही तेच म्हणायला लागले. अर्धी लढाई जोशी तिथेच जिंकले.

मग प्रश्न आला, ज्यांना मूलबाळ नाही त्यांचं काय? सगळ्या खोलीनं एकदम माझ्याकडे पाहिलं. लग्नाला जेमतेम दोन महिने झाले होते!

"यांच्याकडून अर्धा घ्या," एक काकू म्हणाल्या.

"अर्धा का? पुढे लागेलच की शाळा. आत्तापासून भरू देत. सीट पक्की!"

"आणि जुळी झाली तर?"

"मग मागचा फरक भरतील!"

समीर लाल झाला. मी चहाच्या कपात बघत होते. पण सगळे उत्तराची वाट बघत थांबले, तेव्हा बोलावंच लागलं.

"आम्ही पूर्ण भरतो," मी म्हणाले. "फक्त बाईंनी हजेरी आत्तापासून घेऊ नये."

मंडळात मी बोललेलं ते पहिलं वाक्य. समीरला वाटतं तेच शेवटचं असतं तर बरं झालं असतं.

*

मंडळाचे अध्यक्ष देवधरकाका. पुण्याचे, गॅस कंपनीत मोठे इंजिनियर, माणूस अगदी सज्जन. त्यांची एकच अडचण, त्यांना कुणाला नाही म्हणता येत नाही. जोशी म्हणाले टॅक्स नको, काका म्हणाले, "बरोबर आहे तुमचं." आम्ही म्हणालो बाईंना पैसे द्यायला हवेत, काका म्हणाले, "अगदी बरोबर आहे तुमचं." मग कधी ठरवायचं, असं विचारलं की काका प्रसन्न हसायचे आणि म्हणायचे, "करू ना! इन्शाल्ला!"

इथले स्थानिक लोक तो शब्द मनापासून म्हणतात : देवाची इच्छा असेल तर. आमच्या काकांनी त्याचा पार रुमाल केला होता, कुठल्याही सांडलेल्या गोष्टीवर टाकायला.

त्यांची मुलगी रेवा बाईंच्याच वर्गात. नऊ वर्षांची, दोन वेण्या, मराठी सगळं समजतं, पण उत्तर इंग्लिशमध्ये. एकदा बाईंनी फळ्यावर शब्द लिहिले आणि विरुद्धार्थी विचारले. दिवस? रात्र. गोड? कडू. 'नक्की'चा विरुद्धार्थी शब्द कुणालाच येईना.

रेवाचा हात वर. "इन्शाल्ला!"

"हा गं काय प्रकार?" बाई म्हणाल्या. "कुणी शिकवलं?"

"बाबा सेज नक्की फॉर पिझ्झा. अँड इन्शाल्ला फॉर डॉग."

*

पुढे महिना गेला तो एका शब्दात. बाईंना द्यायचं त्याला म्हणायचं काय?

'पगार' म्हटलं की जोशींना आपण मालक झाल्यासारखं वाटे आणि मग ते बाईंच्या सुट्ट्या विचारत. 'फी' म्हटलं की ज्यांची मुलं वर्गात नाहीत ते सुटत. 'मदत' म्हटल्यावर बाईंचा चेहरा असा झाला, की तो शब्द कुणी परत काढला नाही. शेवटी ग्रुपवर काकांनी लिहिलं, "मानधन!" त्यावर इतके हात जोडलेले आणि इतके अंगठे आले, की सगळ्यांना वाटलं बाईंना पैसे मिळालेच.

शब्द ठरला. रक्कम राहिली!

वर्गात मुलांनी तो शब्द घरून ऐकूनच आणला होता. रेवानं विचारलं, "बाई, मान मीन्स नेक, राइट? सो मानधन इज मनी फॉर द नेक?"

हॉलमध्ये "नेक मनी! नेक मनी!" असा जयघोष सुरू झाला. मी पेन्सिलीला टोक करताकरता बोट कापून घेतलं.

पण बाईंचं असं आहे, की हसण्यावारी घालवायच्या गोष्टीतूनही त्या धडा काढतात. त्यांनी फळ्यावर दोनदा 'मान' लिहिलं.

"हे बघा. *ती* मान. ती कुठं असती? गळ्याच्या मागं. ती मान दुखली, ती मान वळली. आन् *तो* मान. तो दिसत न्हाई. तो मान मिळाला, तो मान दिला. शब्द एकच. मग वळखायचं कसं?"

"ती ऑर तो!" रेवा ओरडली.

"शाब्बास. एवढं ध्यानात ठिवलं तरी माझं धन मिळालं."

*

बाईंना मान मात्र भरपूर मिळे. मराठी भाषा दिनाला शाल. शिक्षक दिनाला शाल. गणपतीत, दुसरं काही सुचलं नाही म्हणून, शाल. दोह्यात! जिथे वर्षातले आठ महिने माणूस दारातून गाडीपर्यंत पळत जातो, तिथे बाईंच्या घरी शाली. एक सोफ्यावर, एक फ्रीजवर, एक खिडकीला ऊन अडवायला. एकदा मी विचारलं, "बाई, सगळ्या ठेवल्यात?"

"ठिवू न तर काय करू गं? येसी वाढवला की मुलं कुडकुडत्यात. मग घालते येकेकाच्या अंगावर. माझा मान पोरं पांघरायलीत!"

श्रीफळाचा किस्सा वेगळाच. हायपरमार्केटात नारळ मिळतो तो गुळगुळीत तासलेला. एकदा काका स्टेजवर बाईंना नारळ देणार, एवढ्यात पहिल्या रांगेतून एक आजी ओरडल्या, "अरे, शेंडी कुठाय? बिनशेंडीचा नारळ देतात का मानाला?" कार्यक्रम थांबला. शेवटी कुणाच्या तरी वाढदिवसाच्या भेटीवरची सुतळी सोडून नारळाला बांधली. बाईंनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि माझ्या कानात म्हणाल्या, "उद्या चटणी करू. सुतळी तेवढी ध्यानात ठिव."

*

संपतदादांचं सांगायलाच हवं. ते तासगावचे, इथे शाळेची बस चालवतात, इंडस्ट्रियल एरियात सहाजणांच्या खोलीत राहतात. बायको-मुलं गावी. शुक्रवारी ते सुट्टी असूनही फरीज बिन ओमरानला येतात आणि वर्गाच्या शेवटी बसतात. कारण विचारलं तर म्हणतात, "बाईंच्या हातचं पोहे."

टॅक्सवरच्या तिसऱ्या का चौथ्या मीटिंगला दादा उठले आणि म्हणाले, "माझं लिवून घ्या. मी देनार."

जोशी म्हणाले, "अहो संपतराव, तुमची मुलं तर तिकडे! त्यांना कशाला मराठीची शिकवणी?"

"न्हाई, त्यास्नी नगंच. ती मराठीत शिव्या द्यायला कवाच शिकल्यात. पर हितं कुनीतरी लहान पोरगं 'खटारा' म्हनतं, ते ऐकायला मी येतो. शिनिमाचं तिकीट काढतोच की एशियन टाऊनला. हे तर दर शुक्रवारी नवं!"

"आणि पोहे?" काकूंनी विचारलं.

"ते इंटरव्हलला!"

सगळे हसले. काकाही हसले. म्हणाले, "वा! मग करूच. इन्शाल्ला!"

*

आता हसू थोडं बाजूला ठेवून सांगते.

संक्रांतीच्या आधी बाईंनी मला पोळीच्या गुळाला मदतीला बोलावलं. तीळ भाजता भाजता म्हणाल्या, "मुशैरिब भागात ल्हान मुलांची एक नर्सरी हाय. बोलावलंय मला. शुक्रवारी सुट्टी, पण शनिवारी ट्रेनिंग, आन् रोज संध्याकाळपर्यंत. घरचं सगळं शुक्रवारवर येतंय, शाळेचं मंग जमायचं न्हाई गं. रविवारी कळवायचंय."

"बाई, तुम्ही जाणार?"

"पैसं तर लागतेतच. पोरगी बारावीला हाय गावाकडं. पर पैशाचं सोड." त्यांनी तीळ हलवायचे थांबवले. "मी काय काम करते, ते कामच हाय का, हेच ठरंना झालंय या लोकांचं. नर्सरीवाल्या बाईनं पंधरा मिंटात ठरवलं."

तीळ करपले. मी गॅस बंद केला. मला खूप बोलायचं होतं, पण नेहमीप्रमाणे शब्द उशिरा निघाले आणि आले तेव्हा मी घरी पोहोचले होते. समीरला सांगितलं. समीरनं काकांना सांगितलं. काका हादरले. त्याच संध्याकाळी मीटिंग बोलावली. जोशी टॅक्सवर बोलले, काकू जुळ्यांवर बोलल्या, आणि सर्वानुमते ठराव झाला, की शनिवारच्या संक्रांतीच्या संमेलनात बाईंचा भव्य सत्कार करायचा.

मी समीरला म्हटलं, "आणखी एक शाल!"

*

संमेलनाला हॉल भरला होता. काळ्या साड्या, हलव्याचे दागिने, मागच्या रांगेत संपतदादा आणि त्यांची सगळी खोली. सूत्रसंचालन मुलांनी करायचं ठरलं होतं, आणि अध्यक्षांची मुलगी म्हणून नाही, पण आवाज मोठा म्हणून, रेवा. काळा फ्रॉक, दोन वेण्या, हातात माइक. बाईंनी तिला एकच अट घातली होती : स्टेजवर इंग्लिश नाही.

काका बोलले. छान बोलले. भाषा, संस्कृती, पुढची पिढी. मग म्हणाले, "बाईंना मानधन द्यायचं तर आहेच. ते आपण ठरवू, इन्शाल्ला. पण धनाचं काय घेऊन बसलात? मान महत्त्वाचा. तो आज देऊ!"

टाळ्या. शाल आली. नारळ आला, या वेळी मुंबईहून मागवलेला, शेंडीचा. शेवटी मोठा हार. काकांनी तो बाईंच्या गळ्यात घातला. तो इतका जड होता, की बाईंची मान खाली गेली.

आता पुढचं जाहीर करायची पाळी रेवाची. तिनं बाईंच्या मानेकडे नीट पाहिलं. मग माइक तोंडाशी नेऊन, एकेक शब्द जोडत म्हणाली,

"मान झाली." थोडं थांबली. "आता धन."

आणि बाबांकडे बघत उभी राहिली.

 कुणाचा तरी तिळाचा लाडू फुटल्याचा आवाज आला. काका स्वतःच्या बाहीवरची नसलेली धूळ झटकायला लागले.

बाईंना मात्र त्याही क्षणी राहवलं नाही. हारातून मान वर काढत हळूच म्हणाल्या, "रेवा, 'मान झाली' नव्हं बाळा. 'मान झाला.'"

रेवानं स्वतःच्या मानेला हात लावला. विचार केला. आणि तिच्या आयुष्यातलं मला माहीत असलेलं सगळ्यात लांब मराठी वाक्य थेट माइकमध्ये बोलली,

"नाही बाई. *ती* मान झाली. *तो* मान अजून नाही झाला."

मागच्या रांगेतून संपतदादांची शिट्टी आली. पुढच्या रांगेत जोशी खाली बघत पाकीट चाचपत होते, का ते त्यांनाच माहीत. काका लेकीसमोर उभे. घाम आलेला, जानेवारीत, एसीमध्ये. त्यांनी तिच्या हातातून माइक घेतला.

"पुढच्या महिन्यापासून," ते म्हणाले. "दरमहा. प्रत्येक घरातून. पहिलं घर माझं."

रेवानं मान वर करून विचारलं, "बाबा... इन्शाल्ला?"

"नाही गं," काका म्हणाले. "नक्की."

रेवानं माइक परत घेतला, बाईंकडे पाहिलं आणि सगळ्या हॉलला सांगितलं,

"झाला."