फोटोपुरती भिंगं

विज्ञान सप्ताहाच्या पहिल्याच दिवशी आमच्या मुख्याध्यापकांनी माझ्या तिसरीच्या मुलांना भिंगं वाटली, फोटो काढले आणि लगेच ती गोळा करायला घेतली. सुमन मुंगी बघण्यात दंग होती.

"सर, हिला मिशा आहेत!"

"फुटेल ते. दे इकडे!" म्हणत त्यांनी भिंग हिसकावलं आणि कपाटाला कुलूप लावलं.

सुमनचा चेहरा बघून मला त्या माणसाची किळस आली. कुतूहल असं कुलपात घालणाऱ्यांना शाळेत ठेवतातच कशाला?

मी मुलांना मैदानात नेलं. आठवडाभर आम्ही माती उकरली, शेंगा फोडल्या, पानं चुरगळून हुंगली.

"वर्गात चला!" सर व्हरांड्यातून रोज ओरडायचे. एकाही मुलाने मान वर केली नाही. मीही नाही.