नाव पुकारल्याशिवाय

मांडवात माईक धरणाऱ्या माणसाकडे किस्से मागावे लागत नाहीत. लग्नसराई संपली की शर्टाच्या खिशात अक्षता निघतात ना, तसे ते निघत राहतात. कुठल्या लग्नातले ते आठवत नाही, पण निघतात हमखास!

आता तुम्ही म्हणाल, दत्ताभाऊ, मग सांगा की दोन-चार, हसू जरा. सांगतो. पण मला त्यातले निम्मे हसत सांगता येत नाहीत. संताप येतो हो! कळंबला माझं साउंड सर्व्हिसचं दुकान आहे. साउंड माझा, माईक माझा आणि माईकवरचा आवाजही माझाच. माणसांनी वेळेवर यावं, बोलावलं की उठावं, चुकलं तर चुकलं म्हणावं, एवढीच माझी अपेक्षा. फार आहे का?

त्यात यंदा माझ्या पल्लवीचं लग्न होतं. आणि ईटला राहणारे माझे थोरले बंधू, आण्णा, माझ्याशी बोलत नव्हते. खरं म्हणजे मीच बोलत नव्हतो. कारण ऐका. त्यांच्या मुलाच्या लग्नात त्यांनी मला बोलावलं, भरजरी फेटा बांधला, पहिल्या रांगेत बसवलं आणि माईक कुणाच्या हातात दिला? बार्शीहून आणलेल्या सूत्रसंचालकाच्या! अख्ख्या तालुक्याची लग्नं मी लावतो आणि सख्ख्या पुतण्याच्या लग्नात परक्याचा आवाज!

एकदा, फक्त एकदा त्यांनी "चुकलं" म्हणावं, म्हणजे विषय संपला. ते म्हणत नव्हते आणि माझा विषय संपत नव्हता. पल्लवी मात्र हटून बसलेली. लहानपणी तिला सायकल शिकवली ती आण्णांनी. ती म्हणाली, "मोठे काका आले नाहीत तर मी बोहल्यावर तोंड पाडून उभी राहीन. फोटो तुमचेच खराब होतील."

*

आधी माझा एक नियम सांगतो. माणूस डोळ्यांनी मांडवात दिसल्याशिवाय मी त्याचं नाव पुकारत नाही. म्हणजे नाहीच!

त्याला कारण मुरुमकडचं एक लग्न. नवरदेवाच्या चुलत्यानं घाईघाईत कानात सांगितलं, "आजोबांचं नाव घ्या बरं का." मी घेतलं. आदरणीय, वंदनीय, सगळी विशेषणं लावून म्हटलं, "आजोबांनी वधूवरांना आशीर्वाद देण्यासाठी व्यासपीठावर यावं." कुणी उठेना. वाटलं, कानानं कमी असतील. आवाज वाढवला. अख्खा मांडव माझ्याकडे बघतोय. आणखी वाढवला.

शेवटी पहिल्या रांगेतली आजी उठून माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "बाबा, नको बोलवू. दिवाळीत लई हाल होऊन गेल्यात. आता परत कशाला उठिवतोस त्यांना?"

त्या शहाण्या चुलत्याला आजोबांना श्रद्धांजली वाहायची होती. मग तसं सांगायचं ना!

*

माझा संताप दवाखान्यात पोचला तो एका उन्हाळ्याच्या लग्नात. मुहूर्त टळून गेलेला, नवरी पत्रिकेनंच वारा घेत उभी, लहान लेकरं रडायला लागलेली. का? तर एक पुढारी यायचे होते. "निघालेत", "आलेच", "फाट्यावर हायत", असं चाललेलं. फाट्यावर म्हणजे माणूस अजून आंघोळीला बसलेला असतो, हे इथं पोराटोरांना ठाऊक आहे.

मी माईकवरून बोलून गेलो, "साहेबांना नम्र विनंती आहे की लग्न आजच आहे!"

मांडवात हशा. पण नवरीचा बाप माझ्यावर धावून आला आणि मला स्पीकरला टेकूनच चक्कर आली. डॉक्टरांनी ब्लडप्रेशर बघितलं, गोळी दिली आणि म्हणाले, "ही गोळी आयुष्यभर घ्या. आणि त्या रागाचं काहीतरी करा, नाहीतर आयुष्यभर म्हणजे फार दिवस नाहीत."

मला दवाखान्यात नेल्यावर तासाभरानं पुढारी आले म्हणे. जेवले आणि गेले.

*

मग सुनंदानं, म्हणजे आमच्या घरातल्या गृहमंत्र्यांनी, मला माइंडफुलनेसच्या वर्गात घातलं. विहाराशेजारच्या सभागृहात दर रविवारी सकाळी गायकवाड बाई हा वर्ग घेतात. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या. त्या त्याला माइंडफुलनेस म्हणत नाहीत, "श्वासाकडं बघणं" म्हणतात. श्वास येतो, बघा. जातो, बघा. मनात राग आला, तोही बघा. समोरच्यानं असंच वागावं ही अपेक्षा कुठं आवळून धरलीय ते बघा आणि मूठ सैल करा.

मला पहिल्याच दिवशी पटलं नाही. मी हात वर केला, "म्हणजे कुणी मुहूर्ताला दोन तास उशिरा आलं, तरी आपण श्वास बघत बसायचं?"

बाई म्हणाल्या, "दत्ताभाऊ, ज्यांचं लगीन होतं ते उभे होते. चक्कर तुम्हालाच का आली?"

याला काही उत्तर आहे का? उत्तर नसलेले प्रश्न विचारणाऱ्या माणसांचा मला आणखी राग येतो.

*

बाईंनी सांगितलं, जेवतानासुद्धा लक्ष घासावर ठेवा. टीव्ही बंद, फोन लांब. मी मन लावून जेवलो. भाकरीचा वास घेतला, सावकाश चावलं, चव जिभेवर घोळवली. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला समजलं, ते मी सुनंदाला अगदी शांतपणे सांगितलं, "आमटीत मीठ कमी असतं तुझ्या. आणि भाकरी एका अंगानं कच्ची राहते."

ती म्हणाली, "तुमचं ते आधीचं बिनध्यानाचं जेवण बरं होतं."

*

तरी मी प्रयत्न सोडला नाही. पुढच्याच लग्नात नवरीच्या आत्याचा नवरा रुसला. कशावरून? सगळ्या पाहुण्यांना शाल आणि नारळ मिळाला, यांना मिळाला नाही. मिळणार होता हो, ताट फिरत फिरत यायचं होतं! पण एवढा धीर कुणाला? हे उठले आणि बाहेर लिंबाखाली जीपमध्ये जाऊन काच वर करून बसले. आत्या रडायला लागली. बाकीचे पाव्हणे आळीपाळीनं काचेवर टकटक करून आले. मान म्हणजे मान!

म्हटलं, आपण शिकलोय ना, वापरू. जीपचं दार उघडून शेजारी बसलो. आवाज मऊ केला. म्हटलं, "पाव्हणं, डोळे मिटा. श्वास घ्या. तुमच्या मनात जी अपेक्षा हाय ना, तिच्याकडं नुसतं बघा. काय करू नका, फक्त बघत राहा."

ते डोळे न मिटताच म्हणाले, "सकाळधरनं तेच करायलोय की! बघूनशान डोळे दुखायले, पण नारळ काय येईना!"

मी उतरलो आणि नारळ नेऊन दिला. जीपची काच खाली आली.

*

एका रविवारी बाई आम्हाला समजावत होत्या की घरच्या माणसांना आपण आपल्या साच्यात घालायला बघतो, तिथंच दुःख सुरू होतं. आवाज इतका शांत की मला पेंग आली. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. बाहेर जाऊन घेतला, पण सभागृहाच्या खिडक्या उघड्या!

"चारला ये म्हणलं म्हणजे चारलाच यायचं! साडेचार न्हाय! तुला दर वेळी सांगायचं का? माझं ऐकायचंच न्हाय असं ठरीवलंयस व्हय रे?"

मुलगा असावा. बाई आत आल्या आणि सतरंजीवर बसल्या. आम्ही सगळे माना खाली घालून श्वास बघायला लागलो. मला मात्र राहवेना. म्हटलं, "बाई, हे काय? तुम्हीच असं?"

बाई जराही गडबडल्या नाहीत. म्हणाल्या, "म्हणून तर मला हे रोज करावं लागतं. तुमचं रविवारवर भागतंय, नशीबवान हायसा."

त्या दिवसापासून मी वर्ग मनावर घेतला.

*

पत्रिका छापून आल्या. पहिली पत्रिका थोरल्या भावाच्या दारात जोडीनं जाऊन द्यायची, ही आमच्याकडची रीत. मी म्हटलं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. सुनंदानं नुसतं बघितलं. दुसऱ्या दिवशी मोटारसायकलवरून आम्ही ईटला.

वाटभर मी श्वास बघत होतो. म्हटलं, अपेक्षा एकच ठेवायची. एक शब्द. "चुकलं." तीन अक्षरं आहेत, जीभ झडत नाही!

आण्णा ओट्यावर बसले होते. "ये," म्हणाले. वहिनींनी चहा आणला. सुनंदानं कुंकू लावून पत्रिका पुढे केली. आण्णांनी चष्मा लावला आणि पत्रिका वाचायला घेतली ती गणपतीच्या चित्रापासून. निमंत्रकांत पहिलं नाव त्यांचंच घातलं होतं मी. त्या नावावर त्यांचं बोट थांबलं. मी कान टवकारले. पुन्हा चहा आला. बोट तिथंच.

मग आण्णांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "टाईप लई बारीक हाय."

बस्स! एवढंच! 'येतो' म्हणाले नाहीत, 'येत नाही'ही म्हणाले नाहीत!

परत येताना मी गाडीवर ओरडत होतो, "एक शब्द निघाला का तोंडातून?"

मागून सुनंदा म्हणाली, "चहा दोनदा पाजला. तुम्हाला त्या लग्नात फेटा बांधून पहिल्या रांगेत बसवलं, ते भावानं घरच्या कार्यात राबू नये, मिरवावं म्हणूनच असंल, असं कधी वाटलं न्हाय का?"

"मग तसं बोलायचं होतं!"

"तुम्ही तरी कुठं विचारलंत?" ती म्हणाली. पुढं कळंब येईपर्यंत मी गाडीच्या आवाजाकडे लक्ष दिलं.

*

आता पल्लवीचं लग्न.

सूत्रसंचालक आणायची जबाबदारी व्याह्यांनी हौसेनं घेतली. "तुम्ही नवरीचे वडील, तुम्ही आज माईक धरायचा न्हाय," म्हणाले. आणि आणला कोण? तोच! तोच बार्शीवाला! व्याह्यांना काय बोलणार? दात आवळून नमस्कार केला. त्यानं विचारलं, "थोरल्या काकांचं नाव घेऊ का? यादीत पहिलंच हाय."

मी पहिल्या रांगेकडे बघितलं. आण्णांसाठी शाल टाकून ठेवलेली खुर्ची रिकामी. म्हटलं, "माणूस दिसल्याशिवाय नाव पुकारायचं न्हाय. माझा नियम हाय."

"बरं साहेब," म्हणाला आणि पुढच्या नावांकडे वळला.

सगळे सत्कार झाले. खुर्ची रिकामी. मुहूर्त आला. खुर्ची रिकामी. भटजींनी अंतरपाट धरायला सांगितला आणि मी म्हटलं, "थांबा जरा."

हो, मीच म्हटलं! मुहूर्त टळायला लागला. व्याही घड्याळ बघायला लागले. मी दाराकडे बघत होतो. ईटची गाडी चुकली असेल. पंक्चर झाली असेल. नाहीतर आण्णा ओट्यावर चष्मा काढून बसले असतील. भाऊ आहे की कोण आहे? पोरीच्या लग्नालासुद्धा माणसानं यायचं नाही? माझ्या कानात ठोके वाजायला लागले, त्या उन्हाळ्यासारखे.

गायकवाड बाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "कुणाची वाट बघताय?"

"आण्णाची."

"त्यांचं येणं तुमच्या हातात हाय?"

"न्हाय."

"मग तिकडं बघा," म्हणाल्या. बोहल्यावर पल्लवी घामाघूम उभी होती. मुंडावळ्या कपाळाला चिकटलेल्या. हातातल्या पत्रिकेनं वारा घेत होती.

मी श्वास घेतला. पुन्हा घेतला. म्हटलं, नाही आले आण्णा. वाईट वाटतंय, लई वाईट वाटतंय. पण त्यांचं मन त्यांच्यापाशी. माझी पोरगी माझ्यापुढं उभी आहे. मूठ सोडली आणि भटजींना म्हटलं, "चालू करा."

मंगलाष्टका झाल्या, अक्षता पडल्या, वाजंत्री सुरू झाली. डोळे पुसायला म्हणून मी तोंड मागं फिरवलं. तर शेवटच्या रांगेत, खांबाच्या आड, कूलरशेजारी एक पांढरी टोपी. दोन पायांच्या मध्ये पिशवी, बाजूला वहिनी. आणि उरलेल्या अक्षता नेम धरून टाकणारा हात.

मी गर्दीतून पळतच गेलो. "आण्णा! कवा आलाव?"

"सकाळच्या पहिल्या गाडीनं."

"मग पुढं का आला न्हाय? तुमच्यापायी सगळं लगीन थांबिवलं म्या! खुर्ची ठेवली हुती पुढं!"

आण्णांनी शांतपणे धोतरावरच्या अक्षता झटकल्या. म्हणाले, "नाव कुठं पुकारलंस?"

मी तसाच वळलो. निम्मी माणसं पंगतीकडे निघाली होती. बार्शीवाल्याच्या हातातून माईक घेतला आणि आयुष्यात जेवढा आवाज लावला नव्हता तेवढा लावून आण्णांचं नाव पुकारलं. आदरणीय, वंदनीय, सगळं. मांडव जागच्या जागी थांबला. आण्णा उठले, टोपी सारखी केली आणि खांबापासून बोहल्यापर्यंत सावकाश चालत आले. पल्लवीनं पाया पडून त्यांचा हात धरला तो सोडेना. मी शाल घातली, नारळ दिला आणि वाट बघत उभा राहिलो.

आण्णा माझ्या कानाशी वाकले.

"त्या बार्शीवाल्याचा आवाज लई बारीक हाय, दत्ता."