वेगळ्या पातेल्यातली भज्जी

सिंधू बिरादारनं अहमदपूरच्या कनिष्ठ महाविद्यालयात एकतीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. आणि चांगलं शिकवलं. हे आधी सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचं सगळं त्यामुळंच सोसायला जड आहे.

तिचा आवडता धडा हृदयाचा. फळ्यावर खडू आपटत ती सांगायची, "हृदय म्हणजे नुसता पंप नव्हे. ते बोलतं. भार वाढून कप्पे ताणले की स्वतःचं संप्रेरक सोडतं आणि मूत्रपिंडाला निरोप धाडतं, की मीठ जाऊ दे, पाणी जाऊ दे, माझं ओझं उतरव. मूत्रपिंडाचं म्हणणं नेमकं उलटं. त्याच्याकडं रक्त कमी पोचलं की त्याला वाटतं दुष्काळ पडला. मग ते रेनिन सोडतं. त्यातून रक्तवाहिन्या आवळतात, अॅल्डोस्टेरॉन येतं, मीठ धरून ठेवतं, मिठामागं पाणी. आणि मिठाच्या बदल्यात पोटॅशियम बाहेर टाकतं."

दुष्काळात लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या वर्षी तर तिला फार बोलावंच लागलं नाही. "घरी नळ आला की तुमच्या आया काय करतात रे?"

"माझी आई कुकरसुद्धा भरून ठेवती, मॅडम," मृत्युंजय नावाचा विद्यार्थी म्हणाला. वर्ग हसला.

"मूत्रपिंड म्हणजे तुझी आई. वाईट नाही. घाबरलेली आहे. हृदय बुडत असतं आणि ती भरतच राहते."

सिंधू निवृत्त झाली आणि तो धडा तिच्याच घरात येऊन बसला. नवरा मल्लिकार्जुन, एसटीच्या वर्कशॉपातला मेकॅनिक. झटका आला, त्यातून वाचला, पण हृदय ढिलं पडलं. पाय सुजायचे, दोन उश्यांशिवाय झोप नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या: एक रेनिनची साखळी तोडणारी, एक अॅल्डोस्टेरॉनला अडवणारी, एक लघवीची. कुठली गोळी कुठं जाऊन काय करते हे सिंधूला पाठ होतं. रोज सकाळी ती त्याला काट्यावर उभं करायची आणि वजन लिहून ठेवायची. स्वयंपाक अळणी.

"मास्तरीणबाई, ह्या वरणापेक्षा रेडिएटरमधलं पाणी बरं लागंल," तो म्हणायचा.

"तेच घातलंय. गिळा आता."

दोन वर्षं ही थट्टा चालली. मग त्यानं थट्टा करणं सोडलं आणि जेवणही. अर्धी भाकरी, तीही कुस्करून बाजूला सारलेली. खांद्याची हाडं वर आली. तिला कळत होतं, आता हा सुजून नाही, उपाशी मरणार.

मार्गशीर्ष लागला तसा तो म्हणाला, "येळवशीला शेतात जायचं. सगळ्यांसंगं बसून जेवायचं हाय मला. तुझं ते अळणी घेऊन यायचं असंल तर मी येत न्हाई."

येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, लातूर जिल्ह्यात माणूस घरी राहत नाही, शेतात असतो. सिंधू दुकानात गेली आणि कमी सोडियमचं मीठ घेऊन आली. पाकिटावरचं पुढचं वाचलं. मागं बारीक अक्षरात, सोडियम काढून त्या जागी काय भरलंय, तेही वाचलं. पोटॅशियम. वाचलं आणि पाकीट पिशवीत टाकलं. दोन वर्षं ती एकाच चोरावर, सोडियमवर, पहारा देत होती. दुसरा तिच्या हातातून घरात गेला.

तीन आठवडे मल्लिकार्जुन जेवला. "आता कसं जेवण लागायलंय," म्हणायचा आणि दुसरी भाकरी मागायचा. मग तिनंही मिठाला हात आखडला नाही.

येळवशीला शेतात पूजेसाठी उभारलेल्या कडब्याच्या कोपीपुढं पंगत बसली. सिंधूनं नवऱ्यासाठी वेगळ्या पातेल्यात भज्जी आणली होती: हरभऱ्याचा पाला, वाटाणा, तुरीचे ओले दाणे, बेसन, सगळं एकत्र शिजवलेलं.

"काय सोनं घातलंय ग त्या पातेल्यात?" थोरली जाऊ धोंडाबाई म्हणाली.

"मीठ घातलंय, आक्का."

तो तीन वाट्या जेवला. वर आंबील प्यायला. पुतण्याच्या ट्रॅक्टरचं इंजिन ऐकून, "वॉल्व गेलाय, विक त्याला," म्हणाला. पाच वर्षांनी लहान दिसत होता.

चौथ्या दिवशी सकाळी त्याला काट्यावर चढता येईना. पाय उचलेनात. सिंधूनं नाडी धरली. एका मिनिटात छत्तीस. गाडी करून लातूरचं हॉस्पिटल गाठलं.

तिथं रिपोर्ट घेऊन जो डॉक्टर बाहेर आला तो मृत्युंजय होता. त्यानं वाकून पाया पडायला पाहिलं, तिनं हात धरून थांबवलं.

"मॅडम, पोटॅशियम आठ आहे, पाचाच्या आत हवं. गोळ्या तर बरोबर दिसतायत. घरात मीठ कुठलं वापरता?"

"कमी सोडियमचं." उत्तर द्यायला तिला वेळ लागला नाही. अॅल्डोस्टेरॉन गोळीनं अडवलेलं. पोटॅशियम बाहेर टाकणारं कुणी नाही, आणि साचलं की ते हृदयाचा ठोकाच थांबवतं. मूत्रपिंड आधीच थकलेलं. आणि वरून ती चमच्या-चमच्यानं भरत होती, तीन आठवडे.

"मॅडम, तुम्हीच तर..."

"हो, मीच शिकवलं. पुढं बोल. डायलिसिस?"

"लावतोय. इंजेक्शनं दिलीत."

यंत्र जोडायच्या आत हृदय थांबलं.

तिसऱ्या दिवशी घरात माणसं मावत नव्हती. धोंडाबाई चुलीपाशी होती. "पोटभर जेवून गेले भाऊजी. किती केलंस तू त्यांचं. गावात सगळे म्हणायलेत."

"मी मारलं त्यांना, आक्का. मिठानं."

"मिठानं मरतंय व्हय कुणी? जीव थाऱ्यावर न्हाई तुझा."

सिंधूनं तिला सगळं सांगितलं: हृदयाचा निरोप, मूत्रपिंडाचा दुष्काळ, गोळी, पाकीट. क्रमानं, एकही पायरी न गाळता. धोंडाबाई "व्हय, व्हय" म्हणत राहिली, तापातल्या माणसाला म्हणतात तसं. एकतीस वर्षांत इतका नापास वर्ग सिंधूपुढं बसला नव्हता. पुतणे, त्यांच्या बायका, शेजारणी. तिला दोष देईल असं त्यातलं एकही माणूस नव्हतं.

बोलता बोलता धोंडाबाईनं फळीवरचं तेच पाकीट काढलं आणि वरणात मूठभर ओतलं. "वाया कशाला घालवायचं?"

सिंधूनं तिचा हात धरला नाही. धडधाकट मूत्रपिंडं ते बाहेर टाकतात; धरायचं कारणच नव्हतं. पंगत बसली. तिच्या ताटातही वरण आलं. चवीला चांगलं होतं. सगळे जेवले, हात धुतले, आणि कुणालाच काही झालं नाही.