लाल फडकं दिसल्याशिवाय

हुबळीच्या दुर्गदबैल बाजारात कापडाच्या दुकानात उभी होते. दुकानदारानं लाल कापडाचा तागा उलगडला, मीटरभर मोजून कात्री लावली आणि तेवढ्यात माझा फोन वाजला. पलीकडून यशवंतअण्णांच्या बायको, शांताक्का, बोलत होत्या. "वैशा, हे गेले गं. जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत." एवढंच बोलून त्यांनी फोन लेकीकडे दिला. बाहेर हातगाडीवाला आणि रिक्षावाला कुणी मागे सरायचं यावरून कन्नडमध्ये भांडत होते, दुकानदार आणखी काय दाखवू म्हणून विचारत होता, आणि माझ्या हातातलं ते लाल कापड यशवंतअण्णांसाठीच घेतलेलं होतं. जुनं विटून पार गुलाबी झालंय, बाजारात जाशील तेव्हा नवं आण, असं आदल्याच रविवारी त्यांनी सांगितलं होतं. कापड पिशवीत टाकलं आणि नवनगरची बस धरली. बसमध्ये मला रडू आलं नाही. आलं ते नवनगरच्या स्टॉपवर उतरल्यावर... कारण रविवारी सकाळी अण्णा तिथंच उभे असायचे.

यशवंतअण्णा रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते. हुबळीहून लोंढा, लोंढ्याहून घाट, असा त्यांचा सगळा जन्म शेवटच्या डब्यात गेला. पश्चिमेकडची ती सगळी जंगलं, दऱ्या, पावसाळ्यात रुळांखालून धावणारे ओढे त्यांनी त्या डब्यात बसून पाहिले, पण उलटे. म्हणजे झाड दिसेपर्यंत ते मागे गेलेलं असायचं. ड्यूटीमुळे रविवार कधी घरी मिळाला नाही आणि दोन्ही लेकी बघता बघता सासरी गेल्या. निवृत्त झाल्यावर लोक देवदर्शनाला जातात किंवा प्लॉट घेतात. अण्णांनी आमच्या गल्लीतल्या घराघरांत जाऊन, रविवारी रानात फिरायला येणार का, असं विचारायला सुरुवात केली. जयभीम म्हणून दारात उभे राहायचे, चहा नको म्हणायचे आणि चहा घेऊनच जायचे. मी हायस्कुलात गणित शिकवते. आठवड्यात एकच सकाळ उशिरा उठायची मिळते, तिच्यावर यांचा डोळा, म्हणून पहिल्यांदा मला त्यांचा रागच आला होता.

ट्रेकिंग हा शब्द त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती. ते तरुणांचं, पाठीवर बोचकी घेऊन करायचं काम. आपलं नुसतं फिरणं. केलगेरीच्या तलावाचा बांध आणि त्यापलीकडचा माळ, कलघटगीच्या बाजूचं सागाचं रान, त्याच्याही पुढे बेडतीच्या खोऱ्यातली ओढ्याकाठची वाट... प्रत्येक ठिकाणी ते आधी एकटे जाऊन यायचे. उंची किती, अंतर किती याच्याशी त्यांना देणंघेणं नसायचं. नऊवारी नेसलेल्या बाईला कुणाचा हात न धरता ओढा ओलांडता येईल का, तान्ह्या पोराला झोपवायला सावली आहे का, वाटेत कुणाचा कुत्रा सोडलेला असतो का, हे बघून यायचे. एकदा एक सुरेख धबधबा त्यांनी यादीतून काढून टाकला. का, तर तिथं पोचायला शेवटी बसून घसरावं लागतं. माझ्या मुलीला, मीराला, नेमकं तेच हवं होतं. ती दोन रविवार त्यांच्याशी बोलली नव्हती.

त्यांचा नियम एकच होता आणि तो मोडायची कुणाची टाप नव्हती. सगळ्यांत हळू चालणारा माणूस सगळ्यांत पुढे, आणि त्याला ओलांडून कुणी जायचं नाही. मालगाडीत एखादा डबा हळूच न्यायचा असला तर सगळी गाडी त्याच्याच वेगानं जाते, यात डब्याला लाज वाटायचं काय कारण, असं ते म्हणायचे. त्यामुळे आमच्या रांगेच्या अग्रभागी कायम आमच्या सासूबाई असायच्या. त्यांचे गुडघे दुखतात आणि त्यांना प्रत्येक झाडाचं नाव विचारायचं असतं. घरात, लग्नकार्यात, देवळाच्या रांगेत त्या आयुष्यभर कुणाच्या ना कुणाच्या मागे उभ्या राहिल्या होत्या. पहिल्या दिवशी त्यांना पुढे काढलं तेव्हा त्या अगदी कानकोंड्या झाल्या. तिसऱ्या रविवारी मात्र मागे वळून, "चला की गं लवकर," असं मलाच सुनावण्यापर्यंत त्यांची मजल गेली. आणि सगळ्यांच्या शेवटी अण्णा. गार्डाची जागा शेवटची, तिच्यात वाद नाही. खांद्यावरच्या पिशवीला त्यांनी एक लाल फडकं बांधलेलं असायचं.

त्या फडक्याचं गणित त्यांनी मीराला समजावलं तेव्हा मीही ऐकत होते. गाडी स्टेशनातून जाते तेव्हा माणसं इंजिन बघत नाहीत, शेवटच्या डब्यामागचा लाल दिवा बघतात. तो दिसला म्हणजे गाडी पूर्ण आली. नाही दिसला तर मधेच कुठेतरी गाडी तुटलीय, डबे मागे राहिलेत, असं समजायचं आणि मागच्या गाडीला सोडायचं नाही. आपल्या नोकरीत असं कधी झालं नाही, हेही ते न विसरता सांगायचे. आमचं स्टेशन म्हणजे शांताक्का. परतीसाठी ठरवलेल्या टेम्पोतून त्या थेट वाटेच्या शेवटाला जाऊन बसायच्या, समोर परात, चुरमुऱ्यांची पिशवी, कांदा, डाळव्याची पूड आणि चिंच-गुळाच्या गोज्जूचा डबा. गिरमिट म्हणजे आमच्याकडची चुरमुऱ्यांची भेळ, ती कालवून ठेवता येत नाही. जरा थांबलं की चुरमुरे मऊ पडतात आणि खाण्यात राम राहत नाही. म्हणून लाल फडकं दिसल्याशिवाय अक्का परातीत हात घालत नसत. पुढची माणसं पोचून कितीही घुटमळली तरी, "गाडी पुरती येऊ दे," एवढंच उत्तर मिळायचं.

मागच्या हिवाळ्यात आम्ही बेडतीच्या खोऱ्यात गेलो होतो. सासूबाई पोचल्या, मागोमाग आम्ही सगळे पोचलो. पोरांना कडकडून भूक लागली होती. वाटेकडे बघावं तर रिकामी. येतीलच की मागनं, आवळ्याचं झाड दिसलं असेल, असं आम्हीच एकमेकांना सांगितलं, आणि सगळ्यांच्या आग्रहाखातर अक्कांनी पहिल्यांदाच फडकं न दिसता गिरमिट कालवलं. खाऊन झालं. अण्णांसाठी काढून ठेवलेलं ताटलीत मऊ होत गेलं. अक्का उठून उभ्या राहिल्या, डोळ्यांवर हात धरला आणि वाटेकडे बघत राहिल्या. शेवटी झाडीतून लाल काहीतरी हललं. अण्णा आले, बसले, ते मऊ गिरमिट सगळं संपवलं आणि गाडी लेट झाली म्हणून हसले. त्यांचा शर्ट थंडीतही घामानं भिजला होता.

खरी गोष्ट अशी होती की आमच्यात सगळ्यांत हळू चालणारा माणूस आता सासूबाई नव्हत्या. कितीतरी रविवार अण्णा दमत होते, झाडाला टेकून उभे राहत होते, आणि शेवटी चालणं हे त्यांचं कामच असल्यामुळे ते मागे पडताहेत हे कुणालाच दिसत नव्हतं. बाकी कुणीही मागे पडलं असतं तर अण्णांनी ओळखलं असतं. अण्णांच्या मागे कुणीच नव्हतं. त्या रविवारनंतर अक्कांनी त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी हृदयाची झडप बिघडल्याचं सांगितलं, गोळ्या दिल्या, ऑपरेशनचा विचार करा म्हणाले. सपाटीवर सावकाश चालायला हरकत नाही, असंही म्हणाले. अण्णांनी त्यातलं शेवटचं वाक्य तेवढं आम्हाला सांगितलं, बाकीचं अक्कांकडून कळलं.

पुढच्या वेळी केलगेरीला जायचं ठरलं तेव्हा अक्का टेम्पोत बसल्या नाहीत. त्या बांधाच्या सुरुवातीलाच आमच्याबरोबर उतरल्या. सासूबाई सवयीनं पुढे निघाल्या होत्या, त्यांना त्यांनी थांबवलं. मग अण्णांच्या पिशवीचं फडकं सोडलं, आपल्या खांद्यावरच्या पिशवीला बांधलं आणि सगळ्यांसमोर त्यांना म्हणाल्या, "नियम तुमचाच हाय. आज तुम्ही पुढं."

अण्णा ओशाळले. कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटले, आमच्या तोंडांकडे पाहिलं. कुणीच त्यांची बाजू घेतली नाही. मग ते निमूटपणे पुढे जाऊन उभे राहिले आणि चालायला लागले. किती हळू चालत होते ते... आम्हा सगळ्यांना त्या दिवशी कळलं. थोडं चालायचं, थांबायचं, तलावातल्या पाणकावळ्यांकडे बघण्याचं निमित्त करायचं, पुन्हा चालायचं. मीरासुद्धा त्यांना ओलांडून गेली नाही. बांध संपून वाट माळावर चढते तिथं ते उभे राहिले. समोर वाळलेलं पिवळं गवत, लांबवर निलगिरीची झाडं, आणि त्यांच्या मागे आम्ही सगळे रांगेनं थांबलेलो. सासूबाईंना वाटलं त्यांना बरं वाटत नाही, म्हणून त्यांनी विचारलं. अण्णा म्हणाले, "बरा हाय की. जल्मभर सगळं मागं जातानाच बघितलं ओ. समोरनं येताना आज बघाय लागलोय."

त्या दिवशी गिरमिट झालं नाही, कारण ते करायला पुढे कुणी गेलंच नव्हतं. आम्ही बिस्किटं खाल्ली. त्यानंतरचे थोडे रविवार अण्णा पुढेच चालले, आणि मला वाटतं त्यांना ते आवडायला लागलं होतं. ऑपरेशनची तारीख घ्यायची बोलणी चालली होती, त्याआधीच सगळं आटोपलं.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला सगळी गल्ली होती. अण्णांचा फोटो, पांढरी फुलं, आणि दाराजवळच्या खुंटीवर त्यांची टोपी आणि ते विटलेलं गुलाबी फडकं. रविवारच्या फिरण्याचा विषय कुणी काढला नाही. एक रविवार गेला, दुसरा गेला, मला हवी तशी उशिरापर्यंत झोप मिळाली आणि ती अजिबात गोड लागली नाही. शेवटी सासूबाईच म्हणाल्या की त्या पुढे चालायला तयार आहेत, बाकीच्यांनी आपलं आपण बघावं. मी शांताक्कांकडे विचारायला गेले. त्यांनी नकार दिला. तुम्ही जावा, पोरांना न्या, मी येऊन कुणाची वाट बघू, असं म्हणाल्या. मग माझ्या पिशवीतून मी ते दुर्गदबैलातलं कापड काढून त्यांच्यापुढे ठेवलं. ते त्यांना ठाऊक नव्हतं. बराच वेळ त्यावरून हात फिरवत राहिल्या, नंतर उठून शिवणाची पेटी घेतली आणि त्याच्या कडा दुमडायला बसल्या. निघताना मी खुंटीवरच्या फडक्याकडे पाहिलं. त्यांनी ते ओळखलं. म्हणाल्या, "ते र्‍हाऊ दे तिथंच. ते आता लांबनं दिसत नाही. हे बांध."

त्या रविवारी केलगेरीच्या बांधावर मी सगळ्यांच्या शेवटी चालले. शेवटून चालताना माणसांच्या नुसत्या पाठी दिसतात. कोण पाय ओढतंय, कुणाची पिशवी जड झालीय, कोण चालता चालता गप्प झालंय, सगळं कळतं. इतकी वर्षं अण्णांना आमच्याबद्दल केवढं ठाऊक असेल, या विचारानं मला भरून आलं. मी त्यांच्यासाठी तिथं, चालता चालता, पोटभर रडले. मागे कुणी नसल्यामुळे कुणाला दिसलं नाही.

माळ उतरून वाट रस्त्याला लागते तिथं टेम्पो उभा होता. पुढची मंडळी पोचलेली, पोरं परातीभोवती कोंडाळं करून बसलेली. शांताक्का आल्या होत्या. त्या बसल्या नव्हत्या. डोळ्यांवर हात धरून वाटेकडे बघत उभ्या होत्या. मी वळणावरून बाहेर आले तशी त्यांची नजर माझ्या चेहऱ्यावर न थांबता खांद्यावरच्या फडक्यावर गेली. मग त्या खाली बसल्या आणि चुरमुऱ्यांची पिशवी परातीत ओतली. मी पोचले तेव्हा गिरमिट नुकतंच कालवलेलं होतं, आणि कुरकुरीत होतं.